शोधसूत्रांचा लगाम : आपली ग्रंथसूची आणि संगणक

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संतवाङ्मय, मराठवाड्याचा मुक्तिसंग्राम, दख्खनचा इतिहास अशा भारदस्त विषयांच्या रांगेत संगणकाच्या शोधसूत्रांचा विषय कोणी आणून बसवला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. माझी बाजू एवढीच की या ग्रंथालयाची जुनी दाखलपुस्तके आणि सूचीपत्रे संगणकात उतरवण्याचे काम चालू आहे, आणि त्या कामात एक वाद उभा राहिला आहे. शंभर वर्षांच्या नोंदींतील शुद्धलेखन आजच्या नियमांप्रमाणे एका फटक्यात 'सुधारून' घ्यावे, म्हणजे शोध सोपा होईल, असे एक मत आहे. मी त्या मताच्या विरुद्ध आहे. शोध सोपा करायचा असेल तर नोंदी न बदलता शोधणारे सूत्र शहाणे करावे, असे माझे म्हणणे आहे. ते सूत्र काय असते आणि त्याला लगाम कसा घालतात, हे आधी सांगतो.

इंग्रजीत याला 'रेग्युलर एक्स्प्रेशन' म्हणतात. मी आज 'शोधसूत्र' म्हणेन. नेमका शब्द न देता शब्दाचा साचा द्यायचा आणि त्या साच्यात बसणारे सारे यंत्राकडून काढून घ्यायचे, ही मूळ कल्पना. ती संगणकवाल्यांची नाही, गणितज्ञाची आहे. स्टीफन क्लीनी यांनी १९५१ साली मज्जातंतूंच्या जाळ्याच्या गणिती प्रारूपाचा विचार करताना ती मांडली. १९६८ मध्ये केन थॉम्पसन यांनी मजकूर शोधण्यासाठी तिचा उपयोग कसा करावा हे दाखवले. १९८७ मध्ये लॅरी वॉल यांनी 'पर्ल' ही स्क्रिप्टिंग भाषा काढली. स्क्रिप्टिंग भाषा म्हणजे छोटी छोटी कामे चटकन लिहून करून घेण्याची भाषा. वॉल हे भाषाविज्ञानाचे विद्यार्थी, त्यामुळे त्यांनी शोधसूत्रांना आपल्या भाषेत अगदी घरातले स्थान दिले. पुढे पायथॉन, पीएचपी, जावास्क्रिप्ट या साऱ्यांनी तोच वाण उचलला. इतिहास इथेच सोडतो.

आपल्या गावाच्या नावापासून सुरुवात करू. जुन्या पुस्तकांवर 'हैद्राबाद' आणि 'हैदराबाद' अशी दोन्ही रूपे छापलेली आढळतात. सूत्र असे लिहितात : हैद्?राबाद. प्रश्नचिन्हाचा अर्थ, त्याच्या अगोदरचे चिन्ह असेल किंवा नसेल. आता इथे डोळा फसतो. आपल्याला वाटते की प्रश्नचिन्ह 'द्' या अक्षराला लागले. यंत्राच्या लेखी 'द' हे एक चिन्ह आणि त्याचा पाय मोडणारा हलन्त हे दुसरे. प्रश्नचिन्ह फक्त त्या हलन्ताला लागते. हलन्त असला तर 'हैद्राबाद', नसला तर 'हैदराबाद'. पाच कळा जास्त न दाबता दोन्ही रूपे हाती येतात. आपल्या लिपीची घडण समजून सूत्र लिहिले तर ते इंग्रजीपेक्षाही नेटके होते, ते असे.

'नां?व' लिहिले की 'नांव' आणि 'नाव' दोन्ही येतात. सेतुमाधवराव पगडी हे हैदराबाद संस्थानच्या सेवेतले आपले विद्वान. त्यांचे नाव कोणी सलग लिहितो, कोणी तोडून, कोणी पहिल्या शब्दाला दीर्घ उकार देतो. सूत्र : सेत[ुू] ?माधव ?राव. चौकटी कंसाचा अर्थ, आतल्यांपैकी कोणतेही एक. कंसात सुटा उकार लिहिला की पडद्यावर त्याच्या डोक्यावर ठिपक्यांचे वर्तुळ दिसते. ते पाहून घाबरू नये. निराधार उकाराला यंत्राने दिलेला तो तात्पुरता आधार आहे.

येथवर सूत्राचे शरीर झाले. आजचा मुख्य भाग त्याच्या स्वभावाचा आहे. तेच सूत्र, तेच शब्द, पण ते कोणत्या वृत्तीने वागावे हे बाहेरून ठरवता येते. पर्लमध्ये सूत्राच्या शेवटी एकेक अक्षर जोडून, पायथॉनमध्ये निशाण लावून, आणि दोन्हींत सूत्राच्या पोटात कंस करून हे सांगतात. कंसात सांगितले तर तो हुकूम त्या कंसापुरता चालतो, बाहेर नाही. या निशाणांची पुस्तकातली यादी वाचली तर ती क्षुल्लक वाटतात. मराठी मजकुरावर लावली की त्यांचे खरे रंग कळतात.

सर्वांत प्रसिद्ध निशाण म्हणजे लहान-मोठ्या लिपीचा भेद विसरण्याचे. इंग्रजी पुस्तकांच्या सूचीत ते हवेच. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्यामुळे ते निरुपद्रवी राहते. पण मराठी मजकूर रोमन खुणांत लिहिलेला असेल तर? हा प्रश्न याच शहरातला आहे. भारतीय भाषांमध्ये परस्पर अनुवादाला साहाय्य करणारी 'अनुसारक' ही योजना कानपूरच्या आयआयटीत सुरू झाली, मग हैदराबाद विद्यापीठात आली आणि पुढे १९९८ साली स्थापन झालेल्या येथील आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत रुजली. विनीत चैतन्य आणि राजीव संगल ही त्यातली मोठी नावे. मराठीतून हिंदीत नेणारा अनुसारकही त्यात होता. या मंडळींनी 'डब्ल्यूएक्स' नावाची लेखनपद्धती वापरली. तिच्यात लहान 'के' म्हणजे क आणि मोठा 'के' म्हणजे ख. लहान 'ए' म्हणजे अ, मोठा 'ए' म्हणजे आ. पद्धत फार हुशारीची, एका ध्वनीला एक खूण. पण तशा मजकुरावर कोणी सवयीने लहान-मोठ्याचा भेद विसरणारे निशाण लावले, तर कर, कार, खर, खार, करा, खरा हे सगळे एकच शब्द ठरतात. महाप्राण गेले, दीर्घत्व गेले. इंग्रजीत जी सोय, ती इथे सत्यानाश.

दुसरे निशाण याहून महत्त्वाचे, आणि ते लिपीबद्दल आहे. संगणक मजकूर साठवतो तो अंकांच्या रूपात. आजच्या सर्वमान्य युनिकोड पद्धतीत देवनागरीच्या मुख्य गटाला १२८ जागा आहेत, आणि त्यांची मांडणी आपल्याकडच्या १९८८ च्या इस्की मानकावर आधारलेली आहे. साठवताना यातले प्रत्येक चिन्ह बहुधा तीन बाइट घेते. 'ग्रंथालय' हा शब्द आपण चार अक्षरांचा म्हणतो. युनिकोडच्या हिशेबाने तो आठ चिन्हांचा आहे आणि बाइटच्या हिशेबाने चोवीस. मग सूत्रातला टिंब, ज्याचा अर्थ 'कोणतेही एक', तो नक्की काय एक मानतो? पीएचपीमध्ये युनिकोडचे निशाण लावले नाही तर तो एक बाइट मानतो, म्हणजे 'ग' चा एक तृतीयांश. आणि मघाचा [ुू] हा कंस? त्या दोन उकारांच्या बाइटांपैकी कोणताही एक, असा त्याचा अर्थ होतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असल्याने साऱ्या सूचीतली प्रत्येक नोंद त्या कंसात बसते. नुसते शोधत असाल तर हसून सोडून द्यावे. पण शोधून बदलत असाल, तर अक्षरांचे तुकडे होऊन जागोजाग प्रश्नचिन्हांचे चौकोन उरतील. ते निशाण एका अक्षराचे आहे.

निशाण लावले तरी टिंब चिन्ह मोजतो, अक्षर नाही. आपण ज्याला अक्षर म्हणतो ते पूर्ण उचलण्यासाठी पर्लमध्ये वेगळी खूण आहे. तिचा आधार युनिकोडचे नियम, आणि त्या नियमांत 'ग्रं' सारखे जोडाक्षर २०२३ सालच्या आवृत्तीपर्यंत दोन तुकडे धरले जात होते. म्हणजे 'ग्रंथालय' पाच अक्षरांचे! पहिलीतले मूल जे बोटांवर बरोबर मोजते ते नियमात यायला तीन दशके लागली, यावर आपण काय म्हणावे? जोडाक्षर लिहिणाऱ्यांनी तोवर आपले म्हणणे पुरेशा मोठ्याने मांडले नव्हते, असे मला वाटते.

आता जिथे आमच्या कामात सर्वांत अधिक वेळ गेला, त्या 'संपूर्ण शब्द' या अटीकडे येतो. वाचक 'राम' शोधतो, त्याला 'रामदास', 'आराम', 'विराम' नको असतात. त्यासाठी शब्दाची सीमा सांगणारी खूण असते. यंत्र सीमा कशी ओळखते? एका बाजूला शब्दात येणारे चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला शब्दात न येणारे चिन्ह असेल तर तिथे सीमा. साधा नियम. पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त ही शब्दात येणारी चिन्हे आहेत की नाहीत? पर्ल म्हणते आहेत. पायथॉनची अंगभूत सोय म्हणते नाहीत, कारण ती मुळाक्षरे आणि अंक एवढेच शब्दाचे मानते. जावास्क्रिप्ट तर या खुणेपुरते रोमन अक्षरांपलीकडे पाहतच नाही. पायथॉनमध्ये 'मराठी' या शब्दाचे शब्द पाडायला सांगा. 'मर' आणि 'ठ' असे दोन शब्द मिळतात.

आणि पुढची गंमत ऐका. 'गीता' हा संपूर्ण शब्द शोधायला सांगितला. शेवटचा काना यंत्राच्या मते शब्दाबाहेरचा, त्यापुढची मोकळी जागाही शब्दाबाहेरची. दोन्हीकडे सारखेच, म्हणून तिथे सीमा नाही, म्हणून 'गीता' सापडत नाही. मात्र लोकमान्यांच्या १९१५ च्या ग्रंथाच्या नावात काना झाल्यावर 'र' येतो. काना बाहेरचा, 'र' आतला, म्हणजे तिथे सीमा आहे! तेव्हा 'संपूर्ण शब्द गीता' असे विचारले असता पायथॉन 'गीतारहस्य' हजर करते आणि 'गीता' नावाचे पुस्तक कपाटातच राहते. यंत्र बिघडलेले नाही. त्याने सांगितलेल्या नियमाचे तंतोतंत पालन केले आहे.

यावर उपाय आहेत. पायथॉनसाठी अंगभूत सोयीपेक्षा समर्थ असे वेगळे संच मिळतात, किंवा सीमा आपणच सांगता येते : या शब्दाच्या मागे आणि पुढे देवनागरी गटातले कोणतेही चिन्ह नसावे. मला दुसरा मार्ग आवडतो, कारण त्यात नियम आपल्या डोळ्यांसमोर लिहिलेला राहतो.

अंकांचेही असेच. 'कोणताही अंक' ही खूण पायथॉनमध्ये आणि पर्लमध्ये आपले १९४८ ही पकडते आणि इंग्रजी अंकांतले तेच सालही. त्याच बरोबर उर्दू आणि तेलुगू अंकही. हैदराबादेतल्या ग्रंथालयाला हे वरदानच. जावास्क्रिप्टमध्ये मात्र हीच खूण फक्त इंग्रजी अंक ओळखते. पर्ल-पायथॉनमध्येही एका निशाणाने तिला तितकेच आखूड करता येते. कुठे काय हवे हे काम पाहून ठरवावे. पण अंक सापडले म्हणून साल कळले असे होत नाही. आपल्या जुन्या नोंदींत इसवी सन आहे, शके आहे, आणि निजामी अमदानीतला फसली सनही आहे. चार अंकी सूत्राला तिन्ही सारखेच. शके १८७० म्हणजे इसवी १९४८, आणि फसली १३५७ मध्ये महिना पाहून ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात, कारण येथील फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई. तेव्हा सूत्राला मागे पाहण्याची अट घालावी लागते : हे चार अंक घे, पण त्यांच्या मागे 'शके' असेल तरच. पायथॉनला अशी मागची अट ठरावीक लांबीची लागते. 'शके' तीन चिन्हांचे आणि 'फसली' चार चिन्हांचे, म्हणून दोन्ही एका अटीत कोंबता येत नाहीत. दोन स्वतंत्र अटी लिहाव्यात.

हावरेपणाबद्दल दोन शब्द. सूत्रातली 'कितीही वेळा' ही खूण स्वभावतः हावरी असते. 'कंसातला मजकूर काढ' असे सांगितले आणि एका नोंदीत '(कादंबरी) ... (आवृत्ती दुसरी)' असे दोन कंस असले, तर ती पहिल्या कंसापासून शेवटच्या कंसापर्यंत सारे गिळते. मागे एक प्रश्नचिन्ह जोडले की ती संयमी होते आणि पहिल्या बंद कंसापाशी थांबते. म्हणून पुष्कळ पुस्तके संयमी खूणच वापरा असा उपदेश करतात. मराठीत तो उपदेश डोळे मिटून घेऊ नये. नव्वदीच्या दशकात खासगी फाँटांत टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आलेली असते, कारण तेव्हा कागदावर दिसे त्या क्रमाने टंकत. ती व्यंजनानंतर न्यायची. सूत्र असे : ि(([क-ह]्)*[क-ह]). वेलांटी, मग पाय मोडलेली कितीही व्यंजने, मग एक पूर्ण व्यंजन. आणि वेलांटी त्या सर्वांच्या मागे ठेवायची. 'स्थिती' मधले 'स्थ' पूर्ण गिळले तरच वेलांटी योग्य जागी बसते. इथे संयमी खूण लावाल तर ती 'स' वर समाधान मानून थांबते आणि वेलांटी 'स' ला चिकटून शब्द मोडतो. (जाता जाता : वर्णमालेत 'ळ' हा 'ह' नंतर येतो, तरी 'क ते ह' या कंसात तो येतो, कारण युनिकोडने त्याला 'ल' शेजारी बसवले आहे. ही सोय आपल्याला फुकट मिळाली.)

हावरेपणाला दुसराही एक धोका आहे. एका सूत्रात दोन-तीन हावऱ्या खुणा एकापाठोपाठ आल्या की जुळणी फसल्यावर यंत्र मागे येऊन प्रत्येक वाटणी पुन्हा करून पाहते आणि त्यात बुडते. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या नियमांत घातलेल्या अशाच एका सूत्राने तिचे संगणक पूर्ण व्यापून टाकले आणि जगभरची असंख्य संकेतस्थळे सुमारे सत्तावीस मिनिटे बंद पडली. आपली सूची तेवढी मोठी नाही, पण वाचकाला खिडकीपाशी ताटकळत ठेवायला तेवढे सूत्रही पुरते.

ओळींसंबंधीची दोन निशाणे थोडक्यात सांगतो. एकाने आरंभ-अंताच्या खुणा प्रत्येक ओळीला लागू होतात. दुसऱ्याने टिंब ओळ ओलांडू शकतो. एका पुस्तकाची नोंद चार ओळींत असेल तर पहिले हवे. दुसरे लावताना हावरी खूण जवळपास नाही ना, हे पाहावे. नाहीतर एका लेखकाच्या नावावर पुढचे अर्धे कपाट जमा होते.

आता त्या वादाकडे परत येतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली महाराष्ट्र शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत भर पडली. व्युत्पत्तीने आलेले, उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. आपल्या संग्रहातील निम्मीअधिक जुनी पुस्तके त्याआधीची. 'सगळे जुने अनुस्वार काढून टाका' हे सूत्र लिहायला एक मिनिट लागेल. पण जुन्या लेखनात 'नांव' माणसाचे आणि 'नाव' नदीतली. 'पांच' ही संख्या आणि 'पाच' हे रत्न. ते भेद नोंदीतून एकदा पुसले की कोणत्याही सूत्राने परत येणार नाहीत. शिवाय मुखपृष्ठावर जे छापले आहे तेच नोंदीत असावे, हा सूचीकाराचा धर्म. सैलपणा शोधात ठेवावा, नोंदीत नको.

शोधातला सैलपणाही विचाराने. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, 'दर्या' म्हणजे समुद्र. संगणकात 'ऱ्या' दोन प्रकारे लिहिला जातो. एकात नुक्ता असलेला स्वतंत्र 'ऱ' असतो, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही एकच. सूत्राने हे दोन्ही प्रकार सारखे मानलेच पाहिजेत. पण त्यासाठी ते अदृश्य चिन्ह 'असले तर असो, नसले तर नसो' असे सैल सोडले, तर दऱ्या थेट दर्याला जाऊन मिळतात. म्हणून आम्ही दोन प्रकार पर्याय म्हणून सांगतो आणि तिसऱ्याला दार बंद ठेवतो.

राहता राहिले ते टिपा लिहू देणारे निशाण. ते लावले की सूत्र चार ओळींत पसरून लिहिता येते आणि प्रत्येक ओळीपुढे मराठीत टीप देता येते. ते लावल्यावर सूत्रातली मोकळी जागा यंत्र वगळते, म्हणून 'मराठी साहित्य' असे साधेपणाने लिहिले तर ते 'मराठीसाहित्य' शोधते. जागा हवी असेल तिथे ती खुणेने सांगावी. एवढे सांभाळले तर हे निशाण सर्वांत माझ्या आवडीचे. आपली सूत्रे आता त्याच रूपात आहेत, आणि अनुस्वार का सैल ठेवला, 'ऱ्या' चे दोन प्रकार का घेतले, हे त्यांच्या शेजारी मराठीत लिहिलेले आहे. पुढे हे काम हाती घेणाऱ्याला आम्हाला विचारायला यावे लागू नये.

एक काम मात्र सूत्राने होत नाही. ज्या नोंदींत चार अंक आहेत पण मागे शके नाही, फसली नाही, सन नाही, त्या आम्ही वेगळ्या काढल्या आहेत. तेराशे-साडेतेराशेच्या आसपासचे आकडे बहुधा फसली; अठराशेच्या घरातले शके की इसवी, हे कागद आणि छपाई पाहूनच कळेल. ती यादी वाचनकक्षात ठेवली आहे. ज्या ज्येष्ठ सभासदांनी ती पुस्तके हाताळली आहेत त्यांनी कृपया ती पाहावी, आणि जिथे खात्री असेल तिथेच पेन्सिलीने खूण करावी.